घरट्यातून पडलेलं पिल्लू : उचलण्याआधी, उचलल्यावर आणि परत ठेवल्यावर

मार्च ते सप्टेंबर या काळात कुंड्यांमध्ये, गच्चीवर, सोसायटीच्या हिरवळीवर पक्ष्यांची पिल्लं जमिनीवर सापडतात. वळवाचा जोरदार पाऊस होऊन गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी तर हमखास. मग पिल्लू उचललं जातं, खोक्यात कापूस अंथरून त्यात ठेवलं जातं, ड्रॉपरने पाणी नाहीतर दूध पाजलं जातं आणि एक-दोन दिवसांत ते मरतं. उचलणाऱ्यांची माया खरी असते, म्हणूनच हे बघवत नाही. या सगळ्यात वाईट गोष्ट अशी, की यातल्या कितीतरी पिल्लांना उचलायची गरजच नसते. आईबाप दहा-पंधरा फुटांवर चोचीत अळी धरून माणूस कधी बाजूला होतो याची वाट बघत असतात.

पुढचा क्रम घराजवळ घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी आहे: बुलबुल, शिंजीर, शिंपी, दयाळ, साळुंकी, चिमणी, होला (पारव्याचा लहान भाऊबंद). पाकोळी, टिटवी, पिंगळा (लहान घुबड), कावळा यांचं गणित वेगळं असतं, ते शेवटी दिलं आहे. क्रम मोडू नका. आधी बघणं, मग ओळखणं, मग ऊब, मग परत ठेवणं. खाऊ घालणं या यादीत जवळजवळ नाहीच.

आधीच जमवून ठेवायचं सामान

पिल्लू सापडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा हंगाम सुरू होतानाच हे एका पिशवीत घालून ठेवा.

- बुटांचं झाकणाचं खोकं. खालच्या बाजूला, चारही अंगांना पेन्सिल जाईल एवढी आठ-दहा भोकं पाडलेली. भोकं खोकं रिकामं असतानाच पाडा.
- टिश्यू पेपर किंवा जुना, धुतलेला, दोरे न निघालेला सुती कपडा.
- अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली आणि ती गुंडाळायला मोजा.
- नारळाची अर्धी करवंटी, तोंड १० ते १२ सेंटीमीटर, तळाला तीन बारीक भोकं. शिवाय त्याच मापाची एक छोटी प्लास्टिकची परडी.
- सुतळी, कात्री, मऊ ब्रश.
- वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आणि जवळच्या पक्षी-प्राणी उपचार केंद्राचा नंबर, कागदावर लिहून खोक्याच्या झाकणाला चिकटवलेला.

कापूस यादीत नाही, मुद्दामच. त्याचे धागे पिल्लाच्या नखांत आणि जिभेवर अडकतात, पायाला पीळ बसून रक्त थांबतं. टर्किश टॉवेलच्या फासांतही नखं अडकतात. पक्ष्याचा पिंजरा तर अजिबात नको, तारांवर आपटून नवी येणारी पिसं मोडतात.

१. पहिली दहा मिनिटं : हात लावू नका

मांजर किंवा कुत्रा जवळ असेल तर आधी त्याला घरात घ्या. मुलांना लांब उभं करा. मग आठ-दहा पावलं मागे जाऊन, किंवा खिडकीच्या आडून, एवढंच बघा:

पिल्लू उभं आहे की आडवं पडलं आहे? पंख दोन्ही बाजूंनी सारखे मिटलेले आहेत का? रक्त, लोंबणारा पाय, अंगावर मुंग्या? आसपास मोठा पक्षी सतत, तुटक आवाजात ओरडतो आहे का?

बुलबुल, दयाळ किंवा शिंपी पक्ष्याची जोडी तुमच्याकडे बघून कलकलाट करत असेल, तर ते तुम्हालाच हाकलत आहेत. अशा वेळी जवळ उभं राहणं म्हणजे पिल्लाचं एक जेवण चुकवणं.

> थांबा : अंगावर लाल मुंग्या चढल्या असतील, मांजराने तोंडात धरलेलं असेल, रक्त दिसत असेल, किंवा पिल्लू रस्त्यावर वा कडक उन्हातल्या फरशीवर असेल, तरच लगेच उचला. मुंग्या मऊ ब्रशने झाडा. मुंग्यांची पावडर किंवा खडू पिल्लाच्या आसपाससुद्धा वापरू नका.

आणि एक समज आत्ताच बाजूला ठेवू या. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हे खरं नाही. आईबाप पिल्लाला आवाजावरून, उघडलेल्या चोचीवरून आणि जागेवरून ओळखतात, हाताच्या वासावरून नाही. गरज असेल तर पिल्लू निर्धास्त उचला. गरज नसेल तर उचलू नका, पण कारण वासाचं नव्हे.

२. वय ओळखा

पुढचं सगळं यावर ठरतं आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. पिल्लाचा आकार बघून वय ठरवू नका. शिंजीराचं उडायला निघालेलं पिल्लू साळुंकीच्या चार दिवसांच्या पिल्लापेक्षा लहान असतं. पिसं आणि पाय बघा.

*उघडं पिल्लू.* कातडी गुलाबी किंवा काळपट, डोळे मिटलेले, कुठेकुठे लव. मान तोलत नाही. हे घरट्यातच असायला हवं.

*सुयांचं पिल्लू.* डोळे उघडलेले, पण पिसं अजून निळसर-करड्या नळ्यांत बंद, अंगभर सुया टोचल्यासारखी दिसतात. पोटाखाली कातडी दिसते. बसतं, पण उभं राहून तोल सांभाळता येत नाही. हेही घरट्यातच हवं.

*उडायला शिकणारं पिल्लू.* अंगभर पिसं, डोक्यावर एखाददुसरी लव शिल्लक, चोचीच्या कोपऱ्यांना पिवळी मऊ कड आणि शेपटी बोटाच्या पेरापेक्षा फार मोठी नाही. टुणटुण उड्या मारतं, फडफडतं, उडत मात्र नाही.

शंका असेल तर एकच परीक्षा घ्या. पेन्सिलएवढी काडी पिल्लाच्या पायांजवळ आडवी धरा. काडी घट्ट धरून त्यावर तोल सांभाळून बसलं, तर ते उडायला शिकणारं. पाय नुसते घसरले तर घरट्यातलं.

होला आणि पारवा यांची पिल्लं फसवतात. अंगावर विरळ पिवळट लव, चोच डोक्याच्या मानाने मोठी, रूप अगदी केविलवाणं. म्हणून ती आजारी वाटतात. तशी नसतात, त्यांचं रूपच तसं असतं.

३. उडायला शिकणारं असेल तर : तिथेच ठेवा

बुलबुलाची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यापासून साधारण १२ दिवसांत घरटं सोडतात, आणि तेव्हा त्यांना धड उडता येत नसतं. पुढचे काही दिवस ती झुडपात, कुंड्यांच्या मागे, जमिनीवर घालवतात. आईबाप तिथेच येऊन भरवतात. हा अपघात नाही, वाढीतला एक टप्पा आहे. हेच पिल्लू "पडलेलं" समजून लोक घरी नेतात.

इथे करायचं फार थोडं असतं.

रस्त्यावर, पार्किंगमध्ये किंवा उघड्यावर असेल तर दोन्ही हातांत हलकं धरून सर्वांत जवळच्या दाट झुडपात, छातीएवढ्या उंचीच्या फांदीवर बसवा. जास्वंद, कढीपत्ता, मधुमालती, काहीही चालेल. सापडलं तिथून दहा-पंधरा मीटरच्या आतच ठेवा, कारण पिल्लू साद घालतं आणि आईबाप त्या आवाजावर येतात. दुसऱ्या इमारतीच्या मागच्या "छान बागेत" नेलं तर ती साद त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

पिल्लू पुन्हा खाली उडी मारेल. एकदा-दोनदा परत बसवा, मग सोडून द्या.

चार-पाच दिवस पाळीव मांजर-कुत्रा बागेत सोडू नका. माळीकाकांना आणि वॉचमनना सांगून ठेवा, गवत कापायचं यंत्र आणि झाडांची छाटणी पुढे ढकला. मोठ्या सोसायटीत झुडपाला "इथे पिल्लू आहे, पाणी मारू नये" एवढी चिठ्ठी लावली तरी पुष्कळ काम होतं.

> चूक : पिल्लाला "उडायला शिकवण्यासाठी" हवेत फेकणं. पंखांची पिसं पूर्ण वाढलेली नसतात. ते दगडासारखं पडतं आणि छातीचं हाड फुटतं.

> चूक : मोबाइलवर त्या पक्ष्याचा आवाज वाजवून आईला बोलावणं. आईबापांना वाटतं दुसरा नर हद्दीत घुसला. ते भरवणं सोडून त्याच्या मागे लागतात.

४. घरट्यातलं पिल्लू असेल तर : आधी ऊब, मग घरटं

घरटं दिसत असेल आणि हात पोचत असेल तर पिल्लू परत ठेवायचं, यात नवीन काही नाही. चूक होते ती क्रमात. सकाळी सापडलेलं उघडं पिल्लू बहुधा गार पडलेलं असतं, आणि गार पिल्लू चोच उघडत नाही. आईबाप उघड्या चोचीत घास घालतात. चोच मिटलेली असेल तर ते शेजारच्या भावंडाला भरवतात. गार पिल्लाला तसंच घरट्यात ठेवलं, तर ते घरट्यात राहून उपाशी मरतं.

म्हणून आधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. पिल्लू ओलं असेल तर टिश्यूने नुसतं टिपा, चोळू नका, हेअर ड्रायर लावू नका. मग दोन्ही तळव्यांची ओंजळ मिटून त्यात दहा-पंधरा मिनिटं धरा. पोटाची कातडी तुमच्या बोटाला गार लागेनाशी झाली, पिल्लू वळवळायला लागलं, हलक्या टिचकीने चोच उघडायला लागली, की ते तयार आहे.

आता घरटं शोधा. बुलबुलाचं घरटं पसरट वाटीसारखं, माणसाच्या उंचीच्या आसपास, दाट झुडपात, टांगलेल्या कुंडीत किंवा मनीप्लांटच्या वेलात असतं. शिंप्याचं घरटं शिवलेल्या पानाच्या आत असतं आणि समोर असूनही दिसत नाही. शिंजीराचं लोंबतं, कचऱ्याच्या झुपक्यासारखं, बाजूला भोक आणि भोकावर छोटासा छज्जा. साळुंकी, दयाळ आणि चिमणी भिंतीतल्या भोकांत, एसीच्या मागे, पाइपच्या तोंडाशी. पिल्लू जिथे पडलं त्याच्या बरोबर वर आधी बघा. घरटं अगदीच सापडत नसेल तर लांब जाऊन बसा. मोठा पक्षी अळी घेऊन कुठे शिरतो ते बघा, तोच पत्ता.

> तपासा : घरट्यात बाकीची पिल्लं आहेत का आणि ती याच वयाची, याच रंगाची आहेत का? नसतील तर घरटं चुकलं आहे. पुन्हा शोधा.

ठेवताना पाय पोटाखाली घ्या, बाहेर फाकलेले नकोत. पिल्लू सुयांचं असेल आणि घाबरून पुन्हा बाहेर उडी मारायला बघत असेल, तर घरट्यावर तळहात छत्रीसारखा एक-दोन मिनिटं धरा. अंधार झाला की ते शांत बसतं. मग हात हळू काढा आणि लगेच निघा.

घरट्यात पिसं आलेली पिल्लं असताना फोटोसाठी डोकावणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. या वयात धोका जाणवला की सगळी पिल्लं एकदम बाहेर उड्या टाकतात, उडता येत नसताना. जमिनीवर सापडणारी किती पिल्लं पावसाने पडतात आणि किती मोबाइलमुळे, याचा विचार करा. अंडी आणि उघडी पिल्लं असतानाही दुरूनच बघावं. सुया फुटल्यावर मात्र घरट्याच्या दोन मीटरच्या आत जाऊच नये.

सापडलेलं अंडं फुटलेलं नसेल आणि घरटं समोर असेल तर परत ठेवा. बल्बखाली अंडी उबवायचे प्रयोग करू नका. पिल्लू बाहेर आलंच तर त्याला दिवसभर भरवणार कोण?

५. घरटं पडलं किंवा मोडलं असेल तर

नवं घरटं चालतं. आईबापांना घरट्याच्या देखणेपणाशी देणंघेणं नसतं. जागा तीच हवी आणि पिल्लाची हाक ऐकू यायला हवी.

बुलबुलासारख्या वाटीच्या घरट्याला करवंटी उत्तम. तळाची भोकं विसरू नका, नाहीतर पहिल्या सरीत पिल्लं बुडतात. मूळ घरटं हाताला लागलं असेल तर ते तसंच करवंटीत बसवा. नसेल तर सुकं गवत गोल फिरवून मध्ये मुठीएवढा खळगा करा. काथ्या वापरायचा तर बोटाच्या लांबीचे तुकडे करून, लांब धागे पायाला गुंडाळतात. हिरवं, ओलं गवत नको. ते सडतं आणि आत गारवा धरतं.

खोली फार असू नये. पिल्लाने मान वर केली की चोच काठाच्या वर यायला हवी. खोल डब्यात पिल्लू ओरडतं आणि आईला ते दिसत नाही. ही चूक वारंवार होते, लोक मायेने मोठा डबा घेतात.

करवंटी मूळ जागेपासून एक-दीड मीटरच्या आत, तेवढ्याच उंचीवर, पानांच्या सावलीत बांधा. दोन ठिकाणी बांधा, एकाच गाठीवर ती फिरते आणि पिल्लं सांडतात. बांधून झाल्यावर फांदी हाताने जोरात हलवून बघा. पिल्लं त्यानंतर ठेवा, आधी नाही. सगळी भावंडं एकदमच ठेवा.

शिंजीराचं घरटं पडलं असेल तर करवंटी उपयोगाची नाही. घरटंच परत टांगा. वरच्या निमुळत्या टोकाला, फांदीच्या तुकड्यासकट, सुतळी बांधून होतं तिथेच. भोकाचं तोंड आधी ज्या दिशेला होतं त्याच दिशेला ठेवा. मधल्या फुगीर भागाला सुतळीचा वेढा देऊ नका, आतली पिल्लं दबतात. शिंप्याचं पान फांदीपासून तुटलं असेल तर ती डहाळी एका काठीला बांधून काठी कुंडीत रोवा.

साळुंकी, दयाळ, चिमणी यांना उघडी वाटी चालत नाही, त्यांना अंधारी पोकळी लागते. भोक शाबूत असेल तर पिल्लू त्यातच ढकला. भोक बुजवलं गेलं असेल तर एक लाकडी किंवा जाड पुठ्ठ्याचा खोका घ्या, तळापासून १२-१५ सेंटीमीटरवर बाजूला भोक पाडा, चिमणीला सव्वातीन ते साडेतीन सेंटीमीटर, साळुंकीला पाच-साडेपाच, आणि मूळ जागेला चिकटून, पावसाचा मारा येणार नाही असा बसवा.

बांधकाम किंवा रंगकाम चालू आहे म्हणून पिल्लांसकट घरटं दुसऱ्या भिंतीवर हलवण्याचा मोह आवरा. दोन आठवडे ते काम थांबवणं सोपं आहे.

६. दुरून राखण : दोन तास, सलग

ठेवून झालं की काम संपलं असं नाही. घरात जा, खिडकीच्या पडद्याआड बसा, घड्याळ लावा. सकाळ किंवा दुपारी चारनंतरची वेळ चांगली. बुलबुल, दयाळ, शिंपी तासाभरात अनेक फेऱ्या मारतात. पहिली फेरी व्हायला अर्धा-पाऊण तास लागू शकतो, कधी दोन तासही. दर पाच मिनिटांनी बाहेर येऊन "आली का?" बघितलंत तर ती येणारच नाही.

काय बघायचं? नुसता पक्षी जवळ बसणं पुरेसं नाही. चोच भरलेली येते आणि रिकामी जाते का, ते बघा. त्याहून पक्की खूण अशी: घास गिळल्यावर पिल्लू पाठ वळवून मागचा भाग वर उचलतं, आणि तिथून पांढऱ्या, चिवट पापुद्र्यातली विष्ठेची छोटी पिशवी बाहेर येते. आई ती चोचीत अलगद धरून घरट्यापासून लांब नेऊन टाकते, कधी गिळूनही टाकते. ही पांढरी पिशवी बाहेर जाताना दिसली की निश्चिंत व्हा. पिल्लाच्या पोटात अन्न पोचलं आहे आणि आईने नवं घरटं आपलं मानलं आहे.

होल्याला दोन तासांचा नियम लावू नका. होला आणि पारवा पिल्लांना गळ्यातल्या पिशवीत तयार होणारा दुधासारखा रस भरवतात आणि दिवसातून मोजक्याच वेळा येतात. तिथे अर्धा दिवस थांबा.

> तपासा : अंधार पडल्यावर पिल्लू सापडलं तर आईबाप येणार नाहीत, ही मंडळी रात्री भरवत नाहीत. रात्रभर खोक्यात उबेत ठेवा, काही खायला देऊ नका आणि उजाडताच परत ठेवा.

दोन तास सलग पाहूनही एकदाही कोणी आलं नाही, किंवा आई मेलेली सापडली, तरच पिल्लू पोरकं धरा आणि पुढच्या टप्प्याकडे जा.

७. कधी उपचारच लागतो

पुढची कोणतीही गोष्ट दिसली तर परत ठेवण्याचा प्रयत्न न करता थेट मदत घ्या: एक पंख खाली लोंबतो, पाय मागे ओढला जातो, रक्त येतं, कातडीखाली हवेचा फुगा आला आहे, मान एकीकडे वळते, श्वास चोच उघडून आणि शेपटी खालीवर हलवत चालतो, जखमेवर तांदळाच्या कणीसारखी माशीची अंडी आहेत.

आणि मांजर. मांजराने तोंडात धरलेलं पिल्लू वरून अगदी धडधाकट दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. दात सुईसारखे बारीक असतात, पिसांखाली भोक दिसत नाही, पण मांजराच्या लाळेतले जंतू आत जातात आणि एक-दोन दिवसांत रक्तात पसरतात. वेळेत प्रतिजैविक मिळालं नाही तर पिल्लू वाचत नाही. "काही लागलं नाही, सोडून दिलं" हे वाक्य इथे सर्वांत महाग पडतं.

फोन कुठे करायचा? महाराष्ट्रात वन विभागाची हेल्पलाइन १९२६. नागपूरला सेमिनरी हिल्सवर आणि पुण्यात बावधनला वन्यजीवांसाठी उपचार केंद्रं आहेत, मुंबईत परळचं प्राण्यांचं जुनं रुग्णालय पक्षीही बघतं. लहान गावात तालुक्याचा शासकीय पशुवैद्यकीय दवाखाना आणि वनरक्षक. निघण्याआधी फोन करून विचारा, पक्षी घेतात का आणि किती वाजेपर्यंत.

८. खोकं आणि ऊब

खोक्याच्या तळाशी कपडा, त्यावर टिश्यूची जाड वळी करून तिचं कडं. पिल्लू कड्याच्या मधोमध, पाय पोटाखाली. कडं नसेल तर पिल्लाचे पाय सपाट पुठ्ठ्यावर फाकतात आणि एक-दोन दिवसांत सांधे तसेच वाकडे होतात.

बाटलीत कोमट पाणी भरा, मनगटाच्या आतल्या बाजूला सुखद ऊन लागेल एवढंच. मोज्यात घालून खोक्याच्या एका बाजूला आडवी ठेवा, गडगडणार नाही अशी. खोकं सगळीकडून तापवू नका, जास्त ऊन झालं तर दुसरी बाजू गार असायला हवी. पाणी साधारण तासाने निवतं, आणि निवलेली बाटली उलट पिल्लाची ऊब शोषते. ती बदला नाहीतर काढून टाका.

उघड्या पिल्लाला ३२ ते ३५ अंश लागतात, सुयांच्याला थोडे कमी, पूर्ण पिसांच्याला बाटलीची गरज नाही. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात खोलीतच एवढं तापमान असतं. तिथे बाटली नकोच, उलट खोकं सर्वांत गार खोलीत ठेवा. पिल्लू चोच उघडी ठेवून भराभर धापा टाकत असेल तर त्याला उकडतं आहे.

झाकण लावा. अंधार आणि शांतता हाच त्याचा आराम. दर दहा मिनिटांनी उघडून बघणं, शेजाऱ्यांच्या मुलांना दाखवणं, कुरवाळणं हे बंद. वन्य पिल्लू कुरवाळल्याने शांत होत नाही, भीतीने गोठतं. ते गोठणं आपल्याला शांतपणा वाटतो.

९. पाणी नाही, दूध नाही

पिल्लाची चोच उघडली की जिभेच्या मुळाशी एक छोटी उभी फट दिसते, प्रत्येक श्वासाला उघडते आणि मिटते. तीच श्वासनळी, तोंडात अगदी पुढे. ड्रॉपरने सोडलेला थेंब सरळ तिथे जातो. त्या क्षणी काही कळत नाही, संध्याकाळी श्वास घरघरतो आणि सकाळी पिल्लू मेलेलं असतं. घरट्यातल्या पिल्लांना आईबाप वेगळं पाणी पाजत नाहीत. अळ्या, किडे, फळं यांतूनच त्यांना पाणी मिळतं.

दूध पक्ष्यांना पचत नाही, जुलाब होऊन अंगातलं उरलंसुरलं पाणीही जातं. पोळी, ब्रेड, भात, बिस्किट हे पिल्लाचं खाणं नव्हे. होल्याच्या पिल्लाची चोच जबरदस्तीने उघडून काहीही कोंबू नका. ती पिल्लं चोच आ वासून मागतच नाहीत, आईच्या तोंडात स्वतःची चोच घालून पितात.

गार पिल्लाला तर काहीच देऊ नये. अंग गार असताना पचन थांबलेलं असतं, दिलेलं अन्न तसंच सडतं. मदत मिळायला चार-पाच तासांहून जास्त लागणार असतील तर फोनवरच्या जाणकाराला पिल्लाचा फोटो पाठवा आणि तो सांगेल तेच, तेवढंच द्या. अळी खाणाऱ्याचं, दाणे खाणाऱ्याचं आणि होल्याचं खाणं वेगवेगळं असतं. एकच पाककृती सगळ्यांना लावणं धोक्याचं आहे, म्हणून ती इथे मुद्दाम दिलेली नाही.

घरीच वाढवू का, हा प्रश्न येतोच. नाही. बुलबुल, साळुंकी, पोपट, मुनिया हे पक्षी घरी ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. शिवाय हाताने वाढलेलं पिल्लू मांजराला भीत नाही, चारा शोधायला शिकत नाही. मोकळं सोडल्यावर ते फार दिवस टिकत नाही.

१०. नेताना

खोकं मांडीवर घ्या, डिकीत नको. गाडीत गाणी बंद, एसीचा झोत खोक्यावर नको. दुचाकीवर दोघं जा, मागच्याने खोकं छातीशी धरावं. सोबत एक चिठ्ठी: कुठे सापडलं (झाड किंवा इमारतीची खूण), किती वाजता, काय दिसलं, काय दिलं. चुकून पाणी किंवा दूध दिलं असेल तर तेही लिहा. लाजू नका, उपचार त्यावर ठरतो. जागा नेमकी लिहिली असेल तर बरं झाल्यावर पक्षी त्याच भागात सोडता येतो.

परत आल्यावर हात साबणाने धुवा, खोकं टाकून द्या. हातावर बारीक लाल-करडे किडे चालताना दिसतील, ते पक्ष्याच्या अंगावरचे, धुतले की जातात.

वेगळी वागणूक लागणारे

*पाकोळी.* कोयत्यासारखे लांब पंख, पाय इवलेसे आणि चारही बोटं पुढे. जमिनीवर सापडलेली मोठी पाकोळीही पिल्लू वाटते. तिला सपाट जमिनीवरून सहज उडता येत नाही. हवेत फेकू नका. खडबडीत भिंतीला किंवा झाडाच्या खोडाला उभी लावून बघा, चढून उडाली तर ठीक, नाहीतर खोक्यात घालून उपचार केंद्रात न्या. घरट्यातून पडलेलं पाकोळीचं पिल्लू करवंटीत ठेवून उपयोग नाही, आईबाप तिथे येत नाहीत.

*टिटवी, पाणकोंबडी.* यांची पिल्लं अंड्यातून बाहेर पडल्या दिवसापासून लव घेऊन पळतात. पडलेली नसतातच. टिटवी गच्चीवर अंडी घालते तेव्हा पिल्लं कठड्याशी अडकतात. त्यांना खोक्यात घालून इमारतीखाली, आई ओरडत असेल तिथे, जमिनीवर सोडा आणि मागे व्हा.

*पिंगळा.* उडता येण्याआधीच फांद्यांवर फिरतो, कधी खाली येतो, दिवसा कावळे टोचतात. दिवसभर खोक्यात ठेवा, सूर्य मावळताना त्याच झाडाच्या फांदीवर बसवा. आईबाप रात्री येतात.

*कावळा.* पिल्लाजवळ गेलात तर डोक्यावर झडप पडणार, छत्री उघडून जा. कावळा ज्याला भरवतो ते पिल्लू कोकिळेचं असू शकतं. त्यात काही चुकलेलं नाही, तसंच असू द्या.

पिल्लं उडाल्यावर

घरटं रिकामं दिसलं तरी आठवडाभर हात लावू नका, उशिरा निघालेलं एखादं पिल्लू आत दबून बसलेलं असतं. मग करवंटी काढा, गवत कंपोस्टमध्ये टाका, करवंटी उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. फांदीवरच्या सुतळीच्या गाठी आठवणीने कापा. राहिल्या तर फांदी जाड होताना त्या सालीत रुततात आणि पुढच्या वर्षी ज्या फांदीवर घरटं व्हायचं तीच वाळते.